रिकाम्या शाळेचं माप

झाडं-हत्यारं बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत, त्या काळची ही गोष्ट. भर शहरातल्या एका शाळेसमोर नवा रस्ता आखायचा होता. मे महिन्याच्या सुट्टीत आखणी करणाऱ्या ओव्हाळबाई आपली पोलादी मोजपट्टी घेऊन आल्या. पट्टीला आपल्या सरळपणाचा भारी तोरा. तिने फाटकापासून चौकापर्यंत अंग ताणलं आणि बाईंनी तिच्या कडेने पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली.

"गाड्या सुसाट जातील," पट्टी म्हणाली. "मधला करंज तेवढा पाडा."

"पाडा हवं तर," म्हातारा करंज म्हणाला, "पण बये, रिकामी शाळा मोजून काय कळणार? पोरं येऊ देत."

बाई थांबल्या. शाळा उघडल्यावर एका कोरड्या दुपारी त्यांनी पुन्हा तीच रेघ ओढली.

घंटा झाली आणि सातशे पोरं फाटकातून लोटली. पट्टी बघतच राहिली. बालवाडीतली चिमुरडी करंजाच्या बुंध्याला हात लावून वळत होती. मोठ्या मुली नळापाशी थबकत होत्या. कुबडी घेतलेला एक मुलगा चढ टाळून लांबून निघाला, तर त्याचे सोबतीही लांबूनच निघाले. बघता बघता फक्की पुसली गेली आणि धुळीत पावलांची रुंद, वळणदार वाट उमटली. कुणीही न आखलेली!



"बाई," पट्टी हळूच म्हणाली, "मला या वाटेवरून धरा. वाकेन मी."

"मग गाड्या कुठून जातील गं?"

"उरेल त्या जागेतून."