लाल बटण

भांडीकुंडी आपसांत बोलायची, त्या काळातली गोष्ट. शालनकाकूंनी जुन्या मिक्सरशेजारी नवा मांडला आणि दोघांत चटणीसाठी सारखंच सुकं खोबरं घातलं. हरेल तो भंगारात जाणार होता. जुना थांबत, दम खात फिरू लागला. नवा त्याला हसला, सुसाट सुटला आणि मध्येच बंद पडला.

काकूंनी त्याला उलटा केला. “संपलो मी,” तो पुटपुटला.

“गप रे,” जुना म्हणाला. “तुझ्या बुडाला लाल बटण आहे. तू जळायच्या आत त्यानेच तुला थांबवलं. मला कितीदा असं उलटं केलंय.”

काकूंनी बटण दाबलं. नवा घुरघुरला आणि त्याच्या जिवात जीव आला. उरलेलं खोबरं त्यानेही दम खात वाटलं. काकूंनी दोन्ही चटण्या चाखल्या आणि एकाच बरणीत भरल्या.