आकडीवरचा कांदा

"कांदा हुंगवला की आकडी थांबते, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

डॉ. मंजिरी पाटसकर चपला न काढताच तकियात, फकिराच्या मठीत, शिरली होती. टेकडी चढून तिला धाप लागली होती, पण राग धापेहून मोठा होता. तापात मुलाला आकडी आली की खालच्या गावातल्या आया आधी या कमालबाबा फकिराकडे धावतात, हे तिच्या कानावर आलं होतं. आज त्याची चांगली हजेरी घ्यायची, असं ठरवूनच ती आली होती.

बाबा टोपलीतले कांदे निवडत होते.

"कुणी नाही शिकवलं," ते म्हणाले. "कांद्यानं आकडी थांबत नाही."

मंजिरी गडबडली. भांडायची जय्यत तयारी करून यावं आणि समोरच्यानं पहिल्याच वाक्याला कबूल व्हावं, म्हणजे पंचाईतच.

"मग देता कशाला?"

"पोर तडफडताना आईचे हात गप्प बसत नाहीत, बेटी. ती त्याच्या दातांत चमचा घालते, हातपाय दाबून धरते. हातात कांदा दिला की हात त्यात गुंततात. मी पोराला कुशीवर वळवतो आणि रिक्षा बोलावतो. आकडी लांबली तर वाईट, असं दवाखान्यातली नर्स सांगून गेलीय."

"तिला ते आमच्यामुळे कळलं!" मंजिरीला पुन्हा जोर आला. "अकरा वर्षं मी हेच शोधतेय. तापातल्या आकडीनं वाढत्या मेंदूचं काय होतं ते. थोडक्यात आटपली तर बहुधा काही बिघडत नाही. लांबली तर खूण राहू शकते. हे मला माझ्या उंदरांनी सांगितलं."

"उंदरांना ताप येतो?"

"आम्ही आणतो. दहा दिवसांची पिल्लं घेतो. गरम हवा सोडतो."

बाबांचा हात टोपलीत थांबला.

"कशासाठी?"

"माझ्या ईशानसाठी." तिचा आवाज खाली आला. "दीड वर्षाचा होता. अर्धा तास आकडी थांबेना. आता तेरा वर्षांचा आहे, काल शिकवलेलं आज आठवत नाही त्याला. दुसऱ्या कुणाच्या वाट्याला हे येऊ नये…"

बाबांनी टोपली बाजूला सारली.

"कसं करता ते दाखव," ते म्हणाले.

तिनं मोबाइलवर व्हिडिओ लावला. काचेचं भांडं. त्यात अंगठ्याएवढं पिल्लू, डोळेही न उघडलेलं. बाजूला तापमानाचे लाल आकडे चढत होते. एकोणचाळीस… चाळीस… पिल्लाचं अंग ताठ झालं आणि थरथरू लागलं.

"आली! आली!"

मोबाइलमधून कुणीतरी आनंदानं ओरडलं. मागे टाळीही वाजली.

बाबांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं.

"पुन्हा लाव."

तिनं लावला.

"आली! आली!"

"आवाज कुणाचा हा?"

मंजिरी मटकन खाली बसली. हा व्हिडिओ तिनं विद्यार्थ्यांना पन्नासदा तरी दाखवला असेल, पण वर स्वतः बोलायचं असायचं म्हणून आवाज बंद करून. आज पहिल्यांदाच ती ऐकत होती. बारशाला पाहुणे आल्यासारखी ती ओरडली होती. ईशानला कडेवर घेऊन ती जिन्यात धावली होती, तेव्हाही हेच ओरडली होती. आली, आली. तेव्हा तिचा घसा फाटला होता.

"माझा आहे," ती म्हणाली. "बाबा, मला… मला आनंद झाला होता."

तिनं मोबाइल पालथा ठेवला.

"मी ही अशी कधी झाले? उद्या नवीन पिल्लं दहा दिवसांची होतात. अकरा आहेत. सोडून देऊ का हे काम? की करू? पोरांसाठी करावंच लागेल ना? काहीतरी सांगा!"

बाबांनी टोपलीतला एक कांदा उचलला. तिच्या तळहातावर ठेवला. मग तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

"पिल्लाला ताप आणशील, तेव्हा हा हातात असू दे."