ठमाईचा डावा पाय

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा मोरवाकणच्या घाटाला गाडीरस्ता नव्हता, तेव्हा खालचं मीठ आणि सुकी मासळी माणसांच्या डोक्यावरून वर जायची आणि वरचा गूळ माणसांच्याच डोक्यावरून खाली यायचा. घाटाला एकवीस वळणं. पायथ्याला मोरवाकण गाव, माथ्यावर वाघजाईचं ठाणं. गावातला प्रत्येक धडधाकट बाप्या ओझेवाला होता. दोन मणांची गोणी घेऊन न टेकता माथा गाठायचा, याचा त्यांना भारी ताठा. वाटेत बसला त्याची पोरंसुद्धा टर उडवायची.

या ओझेवाल्यांची एक रीत होती. पोरगा पहिल्यांदा ओझं उचलणार, त्या दिवशी देवीचा गुरव त्याच्या दोन्ही गुडघ्यांखाली काळ्या दोरीची गाठ आवळायचा. पायातलं बळ पायातच कोंडून राहावं म्हणून. एकवीस फेऱ्या झाल्या की पाय देवीचा झाला. मग ती गाठ मरेपर्यंत सोडायची नाही. सोडली तर घाटावर दरड कोसळेल, असं म्हणत. आता तुम्ही हसाल. पण तेव्हा कुणी हसत नव्हतं, कारण बापाच्या पायाला होती, आजाच्या पायाला होती, मग आपल्याला का नको?

आणि पाय तर सगळ्यांचेच बिघडलेले. पोटऱ्यांवर शिरा फुगून गांडुळासारख्या वेड्यावाकड्या दिसायच्या. घोट्याची कातडी काळी पडायची, खाज सुटायची, जखम व्हायची ती भरायचीच नाही. त्याला लोक घाटपाय म्हणत आणि गप्प सोसत.

त्याच गावात ठमाई राहायची. पाल्याची जाणती होती ती. कुणाला विंचू चावो, कुणाचं पोट धरो, ठमाईच्या दारात औषध मिळायचं. पण तिचा नवरा धाकू घाटपायानंच गेला. चौदाव्या वळणावर त्याच्या पायाची शीर फुटली आणि ओझं खाली ठेवायची लाज वाटली म्हणून तो तसाच चालत राहिला. माथ्यावर पोचला तो पांढराफटक होऊन. गोणी उतरवली आणि तिच्याशेजारीच आडवा झाला. ठमाईला फार राग आला होता. रडू नंतर आलं.

आता तिचा एकुलता एक मुलगा केरू त्याच वाटेनं निघाला होता. बाविशीचा गडी, गावात सगळ्यांत जलद चढणारा. आणि त्याच्या घोट्यावर तेच काळं, तीच जखम.

ठमाईनं पदर खोचला. निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला वाफवून त्याच्या पोटरीवर बांधला. करंजाचं तेल कोमट करून हलक्या हातानं घोट्याकडून वर चोळलं. सूज उतरवणारी घेटुळीची पालेभाजी रोज ताटात वाढली. सूज उतरायची, चार दिवसांनी पुन्हा चढायची. सहा महिने ती हेच करत राहिली. पाला बदलला, तेल बदललं, गुण येईना. गुरवानं बांधलेल्या गाठीला हात लावायचं तिच्याही मनात आलं नाही, कारण तीही याच गावची होती.

एके दिवशी ती शेताला पाणी लावत होती. पाटात कुठूनसा दगड अडकला, पाणी मागं तुंबलं आणि बघता बघता बांध फुटला. ठमाई फावडं टाकून तिथंच मटकन बसली. असं म्हणतात, की ती तास दोन तास त्या फुटक्या बांधाकडेच बघत होती.

घरी येऊन ती केरूला म्हणाली, "लेकरा, गाठ सोड. पाला करंल त्याचं काम, पर वाट मोकळी पायजेल."

"आये, देवीची गाठ हाय ती. तू गप ऱ्हा."

ती गुरवाकडे गेली. गुरवाचं नाव धर्मा. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. तो म्हणाला, "ठमाबाय, दरड आली तर मी कुनाकुनाला उकरू? ओझं वाहनाऱ्याची गाठ हाय ती, तुला त्यातलं काय कळतंय?"

"मंग मी वाहते," ठमाई म्हणाली. "माज्या डाव्या पायाला बांध. उजवा मोकळा ठेव. एकवीस फेऱ्या करते आन् दोन्ही पाय आईपुढं उभे करते. तिनंच सांगावं, कंचा तिचा."

गावानं तिला वेड्यात काढलं. पण देवीचं नाव घेतलेलं, अडवायचं कुणी?

धर्मानं गाठ आवळली. ठमाईनं उजव्या पायाला निगडीचा पाला लावला, वरून लुगड्याची पट्टी बोटांकडून वर वर गुंडाळली आणि डोक्यावर मिठाची गोणी घेतली. पुरुष टेकत नव्हते तिथं ती दर वळणावर खुशाल टेकली. पाठीवर निजायची, पाय वर दगडावर ठेवायची, शंभर मोजायची आणि उठायची. बाप्ये हसत पुढं जायचे. ती मोजत राहायची.

दहाव्या फेरीला डाव्या पायाच्या शिरा टरारून आल्या. पंधराव्याला घोटा जांभळासारखा झाला. अठराव्या फेरीत जखमेतून रक्त वाहू लागलं आणि जिथं जिथं थेंब पडला तिथं तिथं निगडी उगवली, असं म्हणतात. केरू तिच्या मागून चालायचा, पण ती त्याला ओझ्याला हात लावू द्यायची नाही.

एकविसावी फेरी संपवून ती वाघजाईपुढं उभी राहिली. सगळा गाव जमला होता. उजवा पाय हळदीच्या नवरीसारखा नितळ, डावा बघवेना. धर्मानं कौल लावला. देवीच्या पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक पाकळी चिकटवली. उजवी पडली तर गाठ सोडायची. लोक बघत राहिले. एकही पाकळी हलेना.

"बरं," ठमाई म्हणाली. "आई ऐकत न्हाई, मीबी ऐकायची न्हाई. उद्या बाविसावी फेरी." आणि तिनं गोणीला हात घातला.

केरू पुढं आला आणि तिच्या पायाशी बसून गाठ सोडू लागला. तिनं त्याचा हात झटकला. "माजी न्हाई. आधी तुजी."

तो रडत होता, सगळ्या गावासमोर. त्यानं कमरेचा कोयता काढला आणि आपल्या दोन्ही गाठी कापल्या. त्याच क्षणी उजवी पाकळी टपकन खाली पडली. मग चाळीस ओझेवाल्यांनी कोयते काढले. सगळ्यांनी कड्याकडे बघितलं. दरड आली नाही. एक खडासुद्धा घरंगळला नाही.

ठमाईची गाठ शेवटी सुटली, पण पाय सुटला नाही. तो जन्मभर तसाच राहिला. तोच पाय ओढत ती पुढं म्हातारपणापर्यंत घाटात फिरली आणि एकवीसही वळणांवर तिनं निजायला पुरेल असा सपाट दगड बसवला आणि शेजारी निगडीचं झुडूप लावलं. एका कातळावर तिनं स्वतः कुदळ मारली तेव्हा कातळ भाकरीसारखा मोडला, असंही म्हणतात. तुमचा विश्वास नसेल तर जाऊन बघा, दगड तिथं आहेत.

आता घाटातून एसटी जाते. तरी मोरवाकणचा माणूस पायी चढला की प्रत्येक वळणावर निजतो, पाय दगडावर ठेवतो आणि शंभर मोजतो. कुणी हसत नाही. गुरव अजून काळी दोरी बांधतो, पण पायाला नाही, निगडीच्या फांदीला, आणि बोट शिरेल इतकी सैल. माथ्यावर दगडात कोरलेले दोन पाय आहेत, डाव्यावर गाठ कोरलेली. दिवसभर उभं राहून पोट भरणारी माणसं तिथं येतात. कंडक्टर येतात, दवाखान्यातल्या नर्सबाई येतात, भट्टीपुढं उभे राहणारे आचारी येतात. कोमट करंजाचं तेल डाव्या पायाला लावतात, घोट्याकडून वर, आणि म्हणतात, "ठमाई, सोडली गं, आमची सोडली."

उजव्या पायाला कुणी तेल लावत नाही, त्याला गरज नाही. आणि इतक्या हातांनी इतकी वर्षं चोळून डाव्या पायावरची दगडी गाठ झिजत आली आहे. आता एकच वेढा उरला आहे.