धड हाताची फिल्म

एकदा एक हाडवैद्य होता आणि तो खरोखर शहाणा होता. हे आधीच सांगतो, कारण शहाण्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींत चूक नेहमी शिकाऊ पोराच्या गळ्यात मारली जाते. इथे ते होणार नाही.

लोक त्याला आबा म्हणत. त्याची रीत अशी की, कुणी मोडलेला हात घेऊन आलं तर तो आधी धड हात मागायचा. खांद्यापासून बोटांपर्यंत सावकाश चाचपायचा. या माणसाचं हाड मुळात कसं आहे, हे दुसरं कोण सांगणार? मग मोडक्या हाताला एकच हिसका. पट्टी बांधली की रुग्णाचे दोन्ही तळवे हातांत धरून बसायचा, दोन्ही सारखे उबदार लागेपर्यंत. एक गार लागला तर पट्टी सोडून पुन्हा सैल बांधायचा. यात अख्खी दुपार जाई.

एके दिवशी त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या शिष्याने मोबाईल उभा केला. "आबा, तुमच्यावर फिल्म करतो. पेपरवाल्यांच्या पाया पडणं नाही, चॅनलवाल्यांचं दार नाही. आपली फिल्म, आपलं नाव."

"या वयात नाव घेऊन काय करू?" आबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नवा फेटा बांधून बसले.

चित्रण तीन तासांचं झालं. शिष्य म्हणाला, "हे चाचपणं फार लांबतंय, आबा. हिसक्यापर्यंत कुणी थांबणार नाही."

"मग काप की! मलाच जांभया येतायत."

उरलं एक मिनिट. हिसका, किंकाळी, पांढरी पट्टी, खाली ढोलकीचा ठेका. लाखो लोकांनी ते पाहिलं. परगावाहून गाड्या येऊ लागल्या. "जरा उजेडाकडे सरक," आबा रुग्णांना सांगू लागले. ठणकता हात पोटाशी धरून माणसं उन्हाच्या तिरिपेची वाट पाहत बसत, आणि गुरू-शिष्यांपैकी एकालाही त्याची लाज वाटत नसे.

मग नऊ वर्षांच्या सुगंधाला तिचा बाप घेऊन आला. फांदीवरून पडून तिचा उजवा हात मोडला होता. बोटं आत वळून ताठली होती.

"तुम्ही दाखवलंत तस्संच केलं, आबा," बाप म्हणाला. "पुरानं रस्ता तुटलेला. थांबवून थांबवून वीस वेळा बघितली तुमची फिल्म. हिसका दिला, पट्टी घट्ट आवळली. पोरगी रडायची, पण म्हटलं, सोडली तर हाड हलंल. तीन आठवडे सोडली नाही."

आबांनी त्या हाताला हात लावला नाही. स्वतः सोबत जाऊन त्यांना जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घट्ट पट्टीनं रक्त अडलं, आता उशीर झाला. हात राहील, पण बोटं पूर्वीसारखी उघडणार नाहीत.

परतल्यावर शिष्याने मोबाईल काढला. "सगळं पुसून टाकतो, आबा."

"ते मिनिट पूस. आणि जे कापलंस, ते लोकांपुढे ठेव."

शिष्य चक्रावला. "ते तीन तास कोण बघणार?"

"तिच्या बापानं बघितले असते."

शिष्याने मोबाईल खाली ठेवला. आबा म्हणाले, "पोरीचा हात होता, लेका. तीन तास काय, तो रात्रंदिवस बसला असता. ज्याला कंटाळा येतो, त्याचं आपल्यावाचून काही अडलेलं नसतं. ज्याचं अडलेलं असतं, तो जांभई देत नाही. आपण फिल्म केली ती जांभई देणाऱ्यांसाठी. आणि 'काप' हा शब्द माझा होता. तो तू स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस."

"ते तुकडे नाहीत, आबा," शिष्य खाली मान घालून म्हणाला. "मोबाईलमध्ये जागा नव्हती, तेव्हाच पुसले."

मग नवी फिल्म करायला दोघं सुगंधाच्या गावी गेले. तिची आणि तिच्या बापाची परवानगी घेऊन आबा तिच्यासमोर बसले. "आधी दवाखाना गाठा," ते कॅमेऱ्याला म्हणाले. "हे घरी करायचं काम नाही. का नाही, ते आता दाखवतो." त्यांनी तिचा डावा हात मागितला.

"अहो आबा, हा बरा आहे!" सुगंधा हसली. "म्हातारं विसरलं वाटतं."

आबा एकेक हाड चाचपत, सांगत राहिले. शिष्याने मोबाईल असा लावला होता की, डावाच हात दिसावा. बऱ्याच वेळाने सुगंधाने वाकून पडद्यात पाहिलं.

"दादा, माझा हा हात कुठाय?" तिने वळलेली बोटं पुढे केली. "हा पण घ्या ना."

शिष्याने आबांकडे पाहिलं. आबांचं आयुष्यभराचं नाव त्या चार बोटांत अडकलं होतं. आबांनी तो हात उचलला, आपल्या तळव्यावर ठेवला आणि कॅमेऱ्यासमोर धरला.

"घे," ते म्हणाले.

शिष्याने मोबाईल वळवला. पडद्यात मात्र त्याने पाहिलं नाही. तो त्या हाताकडेच पाहत राहिला.