गोदूबाईने ओवलेलं मंगळसूत्र

चिंचनाथ महाराज त्या वर्षी देवगव्हाणात मुक्कामाला होते. नदीकाठच्या जुन्या चिंचेखाली त्यांचं आसन, आणि गोदूबाई पटवेकरणीची चटणी-भाकरी हा त्यांचा रोजचा नैवेद्य. दागिने रेशमात ओवून द्यायचा गोदूबाईच्या घरचा धंदा. नवरा गेला तरी तिने तो सोडला नाही. गावातल्या ठुशा, पुतळ्यांच्या माळा तिच्याच हातून गुंफल्या जात. मंगळसूत्र मात्र विधवेकडे कोण देणार? तिनेही कधी मागितलं नाही.

तिच्या चंपेचं लग्न ठरलं, तेव्हा नवरदेवाच्या आत्याने, ठकूबाईंनी, आधीच बजावलं की मंगळसूत्र आम्ही शहरातून ओवून आणू, मुलीच्या आईने त्याला बोटही लावायचं नाही. गोदूबाईने माहेरची वाटी तेवढी पाठवून दिली आणि लग्नादिवशी मांडवाच्या कडेला जाऊन बसली.

जोशीबुवांनी पाण्यात घटिकापात्र सोडलं. तळाच्या बारीक भोकातून पाणी भरून ते बुडालं, की मुहूर्त. इकडे ठकूबाई चारचौघींत मंगळसूत्र मिरवत होत्या. "गाठ पाहा कशी आहे! इथल्या पटवेकरणीचं काम नव्हे हे," असं म्हणत त्यांनी ते जरा ताणलं, आणि दोरा तटकन तुटला. काळे मणी मांडवभर उधळले.

मंगळसूत्र तुटलं न म्हणता 'वाढलं' म्हणायचं, याचंही कुणाला भान राहिलं नाही. मुहूर्त टळला तर वऱ्हाड माघारी जाईल, असं नवरदेवाच्या वडिलांनी सांगून टाकलं. सवाष्णी मणी वेचून ओवू लागल्या, पण घाईत दोऱ्याचं टोक फुटे, गाठ बसेना. पात्र निम्मं भरलं, मग पाऊण. गोदूबाईचे हात पदराखाली शिवशिवत होते. लेकीचं लग्न डोळ्यांदेखत मोडत होतं, ते वाचवायची कला तिच्या बोटांत होती, आणि तिला उठायची मुभा नव्हती. डोळे मिटून तिने महाराजांचा धावा केला.

डोळे उघडले तर महाराज मांडवाच्या दारात उभे!

"गोदूबाई, ऊठ. ओवायला घे."

"विधवेच्या हातानं, महाराज?" ठकूबाई पुढे आल्या.

महाराज म्हणाले, "आम्ही पुष्कळ मुलूख हिंडलो, बाई. दक्षिणेत हळदीचा दोरा बांधतात, पूर्वेला शंखाच्या बांगड्या घालतात, उत्तरेला लाखेचा चुडा भरतात. पण आईच्या हाताने लेकीचं वाईट झालं, असं कुठेच ऐकलं नाही."

नवरदेवाचे वडील वाट देत बाजूला सरले. गोदूबाईने रेशीम पिळलं, दोन वाट्या मधोमध घेतल्या आणि मणी ओवू लागली. जोशीबुवा पात्रावर वाकले होते. काठ बुडायला बोटभर उरला होता, तो बोटभरच राहिला.

शेवटी एक मणी कमी पडला. ठकूबाई शोधत शोधत पात्राशी आल्या, आत डोकावल्या आणि जागच्या जागी थिजल्या. तळाच्या भोकावर तो काळा मणी नेमका बसला होता! त्यांच्याच हातून उडालेला. पात्रात पडून होता, तर गोदूबाईने रेशीम हाती घेतलं तेव्हाच तो भोकाशी कसा गेला? महाराज नुसते हसत होते.

ठकूबाईंनी मणी उचलला. पाणी पुन्हा चढू लागलं. धावत जाऊन त्यांनी तो गोदूबाईच्या तळहातावर ठेवला. गाठ बसली, पात्र बुडालं, अक्षता पडल्या.

मग ठकूबाई महाराजांच्या पायांशी वाकल्या. महाराजांनी पाय मागे घेतले आणि गोदूबाईकडे बोट दाखवलं. ज्या हातांचा विटाळ मानला, तेच हात ठकूबाईंनी आपल्या डोळ्यांना लावले आणि त्या विहिणीच्या पायांवर डोकं ठेवून रडल्या.