क्लचमधली हवा आणि पाच हजार बोटुकली

एकदा एक जुनी जीप ऐन घाटाच्या पायथ्याशी रुसून बसली, आणि तिच्या पोटात पाच हजार जीव होते! माणसे नव्हेत, मासे. बोटाएवढी पिल्ले; मासेमार त्यांना बोटुकली म्हणतात. प्लॅस्टिकच्या वीस पिशव्या, प्रत्येकीत थोडे पाणी, त्यावर प्राणवायू भरून तोंड करकचून बांधलेले. पहाटे भरलेला तो प्राणवायू श्रावणातल्या उन्हात दुपारी तीनपर्यंत पुरला तर पुरला. वरच्या गावचे तळे दोन तासांच्या वाटेवर, आणि घड्याळात साडेअकरा वाजून गेलेले.

जीपचा मालक मत्स्यबीजाचा व्यापारी होता. मागच्या वर्षी त्याने नेलेली पिल्ले वाटेतच मेली होती, आणि त्या तळ्यावर जगणाऱ्या अकरा कुटुंबांनी वर्षभर रिकामे पाणी पाहिले होते. यंदा त्याने शब्द दिला होता, ‘जिवंत आणीन, नाहीतर तोंड दाखवणार नाही.’ त्या दिवशी बाजार होता, त्यामुळे दुसरी गाडी शोधून मिळेना. बिचारा पिशव्यांवर ओली पोती टाकत येरझाऱ्या घालत होता.

पायथ्याशी गॅरेज होते हणमंताचे. तिशीचा गडी, कामाला वाघ! एका वृद्ध वस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे घालवून नुकतीच त्याने स्वतःची पाटी लावली होती. दोष त्याने चुटकीसरशी ओळखला. जीपचा क्लच तेलाच्या दाबावर चालणारा. पेडलजवळ एक सिलिंडर, त्यावर तेलाची छोटी टाकी, खाली गिअरबॉक्सजवळ दुसरा सिलिंडर, मधे लांब नळी. खालच्या सिलिंडरचे रबर फाटून तेल गळाले होते आणि नळीत हवा शिरली होती. रबर बदलून झाले. राहिले हवा काढणे. ते काय, डाव्या हातचा मळ!

व्यापाऱ्याचा ड्रायव्हर लहू पेडलवर बसला, हणमंत गाडीखाली शिरला.

“दाब!”

“दाबला!”

हणमंत खालच्या सिलिंडरची निपल, म्हणजे हवा काढायची बारीक तोटी, उघडायचा, फेसाळ तेल बाहेर येई, निपल बंद होई. मग “सोड!”, आणि पुन्हा “दाब!” अशी पन्नास आवर्तने झाली. तेलाच्या दोन बाटल्या संपल्या. पेडल मात्र पोकळ ते पोकळच! गिअर टाकायला जावे, तर कर्रर्र! क्लचविना सपाटीवर कशीबशी गाडी रेटता येते, घाटात ती दरी दाखवते.

“दादा, एक बोलू का?” लहू म्हणाला. “जरा थांबून दाबलं ना, की पहिला दाब बरा लागतोय. लगोलग दाबलं की परत पोकळ.”

“तू गप रे! सांगतो तेवढं कर. दाब!”

साडेबारा होत आले तेव्हा हणमंताने निमूटपणे वस्तादाला फोन लावला. वस्ताद जवळच राहत. कुणाच्यातरी मोटरसायकलवर मागे बसून, खांद्याला कापडी पिशवी लावून दहा मिनिटांत हजर!

आता पाहा हं मौज. वस्तादांनी गाडीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते सरळ पिशव्यांकडे गेले. एक पिशवी हलकेच उचलली, या अंगाला कलती केली, त्या अंगाला कलती केली आणि बघत राहिले.

व्यापाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो बाबा, मासे बघायला आलात का इथं? जीव जातील त्यांचे!”

“जाणार नाहीत, शेठ,” वस्ताद शांतपणे म्हणाले आणि ड्रायव्हरकडे वळले. “पाय तुझा आहे, बाळा. पेडल काय म्हणतंय?”

लहूने आधी हणमंताकडे पाहिले. मग चाचरत तेच सांगितले, जे मघाशी सांगितले होते.

“मग झालं की काम! उतर खाली. पेडलवरचा पाय काढ. आणि हणमंता, तू वरच्या टाकीतलं तेल उपस. तळ झाकेल एवढंच ठेव.”

हणमंताला वाटले, म्हाताऱ्याला चळ लागला. “वस्ताद, अहो, टाकी आटली की हवा शिरते, हे तुम्हीच शिकवलंत ना? आणि आता एकच बाटली उरलीय!”

“पुरेल. उपस म्हणतो ना.”

वस्तादांनी आपल्या कापडी पिशवीतून जनावरांच्या डॉक्टरकडे असते तसली मोठी सिरिंज काढली, बिनसुईची. तिच्यात ताजे तेल ओढले, तोंड वर करून तिच्यातली हवा काढून टाकली, पातळ नळी लावली आणि गाडीखाली शिरून खालच्या निपलला जोडली. निपल उघडली आणि अंगठ्याने अगदी सावकाश तेल आत सारू लागले. खालून वर!

“टाकीत बघ.”

हणमंत वाकला, व्यापारी वाकला, लहूही वाकला. पहिली सिरिंज संपली. काही नाही. वस्तादांनी निपल बंद करून ती पुन्हा भरली. दुसरीही संपत आली. व्यापारी डोळे मिटून देवाचे नाव घेऊ लागला. एवढ्यात टाकीच्या तळातून टपोरा बुडबुडा वर आला. गुडुप्! मागोमाग दुसरा, तिसरा, आणि मग बारक्यांची रांगच लागली!

“आली! वस्ताद, हवा आली!” हणमंत पोरासारखा ओरडला.

बुडबुडे थांबले, नुसते तेल चढू लागले, तशी वस्तादांनी निपल आवळली. “लहू, बस आता पेडलवर. दाब.”

लहूने पेडल दाबले आणि त्याचा चेहरा उजळला. “लागला, दादा! कसला कडक लागलाय!” इंजिन सुरू झाले, गिअर लोण्यात सुरी शिरावी तसा पडला. व्यापाऱ्याने वस्तादांचे पाय धरले, ते अर्ध्यातच त्यांनी सोडवले. एकला दहा कमी असताना जीप पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली.

हात पुसत हणमंत जवळ आला. “चुकलं कुठं, वस्ताद? दाब, धर, सोड, सगळं तुम्ही शिकवलं तसंच केलं.”

“तसंच केलंस, आणि दहांतल्या नऊ गाड्यांना तेवढं पुरतं. पण या जुन्या गाडीची नळी लांब. हवा तिच्या वरच्या वळणात बसली होती, टाकीपासून वीतभर अंतरावर. हवेचा धर्म वर जाण्याचा; मघाशी माशांची पिशवी कशीही कलती केली तरी तिच्यातली हवा वरच जात होती. ती आपणहून निघाली होती रे! तू पेडल दाबून तिला खाली लोटायचास, पाय उचलला की ती पुन्हा वर धडपडायची. ती दमली नाही, तू दमलास. मी काय केलं? वरचा दाब काढला, टाकीत जागा केली आणि खालून जरा हात दिला. आणि खरं सांगू? हे मला गाडी बघून कळलं नाही. लहूनं सांगितलं. तुलाही सांगत होता म्हणे.”

हणमंत खाली वाकून तेलाच्या रिकाम्या बाटल्या गोळा करू लागला.

तीनला पाच मिनिटे असताना फोन वाजला. व्यापाऱ्याला धड बोलता येत नव्हते. मागे बायाबापड्यांचा, पोराटोरांचा एकच गलका. “सोडली! पिशव्या सोडल्या! पळताहेत बघा, सगळी पळताहेत!”

हणमंताने आनंदाने टाळी वाजवली. मग तो हळूच म्हणाला, “शेठ, जरा लहूकडे फोन द्या.”

आपल्या घरात, कचेरीत कोणी वर यायला धडपडत असेल आणि येत नसेल, तर त्याला बोल लावण्याआधी आपला पाय कुठे आहे, ते पाहावे.