शेवंतामावशींना सांगायचं ते

“आणि तिला काय सांगितलंस?” वालावलकर सरांनी विचारलं.

“सांगितलं... की अजून एक छोटं ऑपरेशन करावं लागेल.”

“का करावं लागेल, तेही सांगितलंस?”

डॉक्टर सारंगला ऑपरेशन करायला सरांनीच शिकवलं होतं. सारंगचा हात फार सफाईदार, असं सगळं हॉस्पिटल म्हणे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करी, पण ऐके मात्र कान देऊन. त्याच हातानं त्यानं मंगळवारी शेवंतामावशींची गर्भपिशवी काढली होती. शुक्रवारी त्यांची कंबर ठणकू लागली, ताप चढला. सोनोग्राफी झाली आणि कारण कळलं. डाव्या मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी त्याच्या एका टाक्यात आवळली गेली होती.

“युरॉलॉजिस्ट निघालेत, सर. आवळलेला भाग काढून नळी पुन्हा मूत्राशयाला जोडतील, आत स्टेंट ठेवतील. दीड-दोन महिन्यांत सगळं ठीक होईल. मग उगाच सगळं सांगून त्यांना घाबरवायचं कशाला?”

पंचाहत्तरीचे सर चपला काढून तपासणीच्या खाटेवर चढले, आडवे झाले आणि त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

“सांग. मी शेवंता.”

एरवी सारंगला हसू फुटलं असतं. आज फुटलं नाही.

“मावशी, अशा ऑपरेशनमध्ये... शंभरात एखादीला... ही गुंतागुंत होते.”

सरांनी डोळे मिटले.

“मावशी, ती नळी पिशवीला अगदी लगटून जाते, त्यामुळे...”

सरांनी भिंतीकडे कूस बदलली.

सारंगनं स्टूल ओढलं. इतका वेळ आपण उभ्यानंच बोलत होतो, हे त्याला बसल्यावर कळलं.

“मावशी,” तो म्हणाला, “टाका माझ्या हातून चुकला. तुमची नळी त्यात बांधली गेली. म्हणून तुम्हाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतंय. मी तिथंच असेन. तुम्ही बऱ्या होईपर्यंत रोज येईन.”

सर वळले. चादरीतून हात काढून त्यांनी सारंगच्या हातावर ठेवला. मग मात्र सारंगला रडू आवरेना.

सरांनी त्याला पोटभर रडू दिलं. नंतर सावकाश उठून खाली पायानंच चपला चाचपल्या.

सारंगनं तोंड धुतलं आणि वॉर्डाकडे निघाला. दाराशी थबकला.

“सर... त्या मला माफ करतील ना?”

“तिचे टाके अजून ओले आहेत, बाळा. त्यावर तुझं ओझं आत्ताच कशाला ठेवतोस?”